जागेपणीचं आमेन

सकाळी डोळा उघडायच्या आधी मला हापसा ऐकू यायचा. चर्चच्या आवारातच आमचं घर, आणि आमच्या खिडकीला लागूनच तो हापसा. त्या वर्षी लातुरात नळ कोरडे पडले होते, टँकर आला तर आला. सगळ्या गल्लीचा जीव त्या एका हापशावर. मागच्या वस्तीतल्या बौद्ध बाया, पुढच्या गल्लीतल्या मराठ्यांच्या सुना, कोपऱ्यावरच्या तांबोळ्याची म्हातारी, सगळ्या आमच्या दारात. दांडा खाली गेला की एक करकर, वर आला की दुसरी. मध्ये भांडणं.

"मी आधी आलते!"

"आलतीस तर हंडा कुठंय मंग तुझा?"

आणि लगेच खिडकीतून हाक यायची, "ओ पाळकीणबाई, जरा भायेर या, हिला सांगा!"

पाळकीणबाई म्हणजे मी. माझे यजमान त्या चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर. पाळकाच्या बायकोला मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ना खुर्ची, ना हुद्दा, पण काम मात्र असतंच. आजाऱ्याला भेटून ये, बाळंतिणीपाशी बस, रविवारी पोरांचं संडे स्कूल घे, बायकांची प्रार्थना चालव, कुणाची सून रुसून माहेरी गेली तर तिची समजूत काढायला जा. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, आपण एका माणसाच्या घरी चाललोय. कसलं काय! मंडळीतली सगळी घरं त्यांच्यासोबत माझ्या पदरात पडली.

मी मूळची नांदेडची. लग्नानंतर पहिली काही वर्षं लोह्याकडच्या एका खेड्यात काढली, मग यांची बदली लातूरला झाली. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. पूर्वी साध्या कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता इथंच कचेऱ्या, इथंच साहेब, रस्त्यानं सारख्या जीपगाड्या. दुकानांच्या पाट्यांवर लोक हौसेनं 'जिल्हा लातूर' रंगवून घेत होते. जिल्हा झाला म्हणजे नव्या शाळा निघतील, शिक्षक लागतील, असं जो तो बोलत होता. माझं बी.ए. लग्नाआधीच झालं होतं. शिकवायची मला लहानपणापासून खाज, दुसरा शब्द नाही. मी यांच्या मागे लागले, "मी बी.एड. करते."

हे म्हणाले, "बघू."

यांचं 'बघू' म्हणजे नाही नसतं आणि हो पण नसतं. मी त्याचा अर्थ हो असा धरला आणि कॉलेजात नाव घातलं. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःलाच समजावत होते. पण ते वर्ष मला खायला उठलं होतं.

पहाटे उठून आधी आपले हंडे भरायचे, कारण एकदा बाया आल्या की पाळकीणबाईच्या घरचा नंबर सगळ्यांत शेवटी, नाहीतर बोलणी खायची. मग भाकरी. मोठी मुलगी पहिलीत होती, तिची वेणी घालताना मी तोंडानं मानसशास्त्राची उत्तरं घोकायची. ती मध्येच म्हणायची, "आई, माझ्या केसाला कामून ओढायलीस?" मग सराव पाठ. बी.एड.ला दुसऱ्या कुणाच्या शाळेत जाऊन, खऱ्या वर्गावर, खऱ्या पोरांपुढं पाठ घ्यायचे असतात, आणि मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम बसून शेरे लिहीत असतात. ठरलेले पाठ पुरे झाले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. पाठ आटोपून कॉलेज, कॉलेजातून घर, घरातून कुणाच्या तरी दारात प्रार्थना. रेणापूरकडच्या खेड्यांत मंडळीची काही घरं होती, तिकडं कुणी वारलं की यांच्यासोबत सायकलवर मागं बसून मीही जायची. मांडीवर बायबल, बायबलाखाली पाठाचं टाचण. हे पुढून म्हणायचे, "पडशील, धर नीट." मी म्हणायची, "एकच हात मोकळा आहे, कशाला धरू?"

माझा धाकटा तेव्हा दोन वर्षांचा होता. पाण्यानं त्याला सारखे जुलाब लागायला लागले. पोरगं पार वाळून गेलं. माझी आई नांदेडहून आली, त्याला बघितलं, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता त्याचे कपडे पिशवीत भरायला लागली. नांदेडला गोदावरी आहे, पाण्याचे असे हाल नव्हते. "परीक्षा होऊ दे तुझी, मंग ने," आई म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सवड मिळेल तसं मी त्याला भेटायला जायची. अहमदपूर, लोहा करत एस.टी. नांदेडला पोचायची तोवर माझं अंग आंबून जायचं. एकदा गेले तर हा अंगणात खेळत होता. मला बघितलं आणि पळत आईच्या मागं जाऊन लपला. मी दोन्ही हात पसरून उभी. तो काही येईना. आई म्हणाली, "इसरलं न्हाई गं ते, रुसलंय." मी हसले, कारण शेजारीण बघत होती. परतीच्या गाडीत पुस्तक उघडलं आणि लोहा येईपर्यंत त्याच पानावर होते. बाजूच्या बाईनं शेवटी विचारलं, "डोळे दुखायलेत का ताई?" मी म्हटलं, हो, धूळ गेली.

त्यात कॉलेजात निराळीच गंमत. एकदा सातवीच्या वर्गावर जमिनीची धूप शिकवत होते. पाठ संपला, मॅडमनी शेऱ्याचा कागद हातात दिला. फलकलेखन चांगले, प्रश्न योग्य, आणि खाली लिहिलं होतं, शिक्षिका फार थकलेली वाटते. मला असा राग आला! शिक्षिका थकलेली वाटते म्हणे. अहो, वाटते काय, आहेच. तो शेरा मी यांना दाखवला. यांनी वाचला, घडी घालून परत दिला, आणि म्हणाले, "अक्षर चांगलंय मॅडमचं."

असा माणूस! बाहेर चार-चारशे लोकांपुढं उभं राहून बोलेल, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणेल. घरात मात्र तोंडातून शब्द काढायला चिमटा लागायचा. मी चिडायची, आदळआपट करायची, हे शांत. त्या शांतपणाचीच मला जास्त चीड यायची.

लेंट लागायच्या आधीच्या रविवारची गोष्ट. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडं रोज एकेका घरी प्रार्थना असते. उपासना सुटल्यावर पंचमंडळी चर्चच्या मागच्या खोलीत बसली होती आणि मी चहा घेऊन गेले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी माणसं. त्यांत बोलके दोघंच. एक एस.टी.तून रिटायर झालेले कंट्रोलर, ते अजूनही सगळ्यांशी गाडीचा टाइम सांगितल्यासारखं बोलायचे. दुसऱ्या म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्सचं काम केलं होतं, म्हणून सगळं गाव त्यांना नर्सबाई म्हणायचं. केस पांढरेशुभ्र, पाठ ताठ, आणि जीभ अशी की मोठमोठे डॉक्टर त्यांना वचकून असत, असं लोक सांगायचे.

कंट्रोलर म्हणाले, "पाळकसाहेब, राग मानू नका. पण पाळकीणबाई कॉलेजात हायत का मंडळीत, हे एकदा ठरू द्या."

मी हातात ट्रे घेऊन तिथंच उभी.

नर्सबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "माझी सून बाळंत झाली तवा प्रार्थनेला बोलावणं धाडलं. आलाव का तुमी?"

"त्या दिवशी माझा पाठ होता हो," मी म्हटलं. "संध्याकाळी आले होते मी."

"संध्याकाळी काय, चहाला?" त्या म्हणाल्या. "लेकरू नांदेडात ठिवलं. मंडळी वाऱ्यावर सोडली. आन् शिकून करायचं काय, तर दुसऱ्याची लेकरं शिकवायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ट्रे खाली आदळावा आणि निघून जावं असं वाटलं. पण पाळकाच्या बायकोला रागवायची परवानगी नसते, निदान पंचांसमोर तरी. मी यांच्याकडं बघितलं. हे बशीत कप गोल फिरवत बसले होते.

शेवटी ठरलं ते असं. यंदाच्या लेंटमध्ये ज्या ज्या घरी प्रार्थना असेल तिथं पाळकीणबाईंनी हजर राहायचं आणि शेवटची प्रार्थना त्यांनीच करायची. एक जरी घर चुकलं तरी पंच वरिष्ठांना कळवणार आणि पाळकांची बदली मागणार. म्हणजे वर्षाच्या शेवटी, ऐन परीक्षेच्या तोंडावर, आम्ही बिऱ्हाड उचलून कुठल्या तरी तिसऱ्याच गावी. बी.एड. तिथंच संपलं. हे वर्ष, ही वणवण, नांदेडच्या अंगणात रुसलेलं माझं लेकरू, सगळं पाण्यात.

घरी आल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. "तुमच्या तोंडाला काय कुलूप लावलंय? एक शब्द बोलता आला नाही? माझी बायको दिवसभर राबते, एवढं म्हणायला काय जातं?"

हे म्हणाले, "मंडळीशी भांडून कसं चालेल?"

"आणि माझ्याशी भांडून चालतं?"

"मी कुठं भांडतोय?"

"तेच तर! भांडा ना! काहीतरी बोला!"

हे उठून बाहेर गेले आणि हापशाला लागलेल्या कुणा म्हातारीचा हंडा भरून द्यायला लागले. मी खिडकीतून बघत होते. इतकं रडू आलं, की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला.

मग मीही इरेला पेटले. म्हटलं, ठीक आहे. एकही घर चुकवणार नाही आणि एकही पाठ चुकवणार नाही. बघू या कोण थकतं ते.

कोण थकणार, मीच थकले. लेंट पुढं सरकत होता, ऊन वाढत होतं, हापशाचं पाणी खोल खोल जात होतं. आधी दहा-बारा दांडे मारले की पाणी यायचं, आता बाया दम लागेपर्यंत मारायच्या तेव्हा कुठं पिळल्यासारखी धार पडायची. मी वर्गात पोरांना प्रश्न विचारायची आणि उत्तर यायच्या आत मला प्रश्नच आठवायचा नाही. प्रार्थनेला बसले की उद्याचा पाठ डोक्यात, पाठाला उभी राहिले की आज कुणाचं घर आहे ते डोक्यात. दोन्हीकडं मी अर्धीच. जेवताना मुलगी काहीतरी सांगत असायची, आणि तिचं बोलून झाल्यावर मी म्हणायची, "काय म्हणालीस?" एकदा ती म्हणाली, "जाऊ दे, बाबांना सांगते." ते शब्द मला सुईसारखे टोचले. पण खरं सांगते, बरंही वाटलं, की आता ऐकायला नको.

आणि मग नर्सबाईंच्या घरचा दिवस आला.

त्या दिवशी सकाळीच हापशाचं वायसर गेलं. दांडा नुसता वरखाली, पाण्याचा थेंब नाही. आवारात ही आरडाओरड! मिस्त्री शोधायला हे गेले आणि मी दोन हंडे घेऊन टँकरच्या गर्दीत शिरले. तिथं कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत बसला. तशीच घरी आले, तशीच शाळेत जाऊन पाठ घेतला. कॉलेजात मॅडमनी सांगितलं, शेवटचे पाठ आता अगदी तोंडावर आलेत, कुठलाही पाठ चुकला तर माझा नाइलाज आहे. मी मान हलवली. तिथून ऊन उतरायच्या वेळेला नर्सबाईंच्या दारात.

घर छोटंसं, पण काय स्वच्छ! शेणानं सारवलेलं अंगण, आत सतरंजी, कोपऱ्यात लोखंडी पेटी, तिच्यावर विणलेला रुमाल. बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. चार-पाच पुरुषही होते, त्यांत कंट्रोलर. हे दाराशी बसले होते. गीत झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं, यांनी दोन शब्द सांगितले. मग नर्सबाई म्हणाल्या, "पाळकीणबाई, आता तुमी."

आम्ही गुडघ्यांवर प्रार्थना करतो. सगळ्यांनी गुडघे टेकले, डोळे मिटले. मी पेटीपाशी गुडघे टेकले, दोन्ही कोपरं पेटीवर ठेवली आणि कपाळ हातांवर. ती पेटी इतकी गार होती! त्या उन्हात दिवसभरात अंगाला लागलेली ती पहिली गार गोष्ट. मी सुरुवात केली. या घराला आशीर्वाद दे. बाळाला आणि बाळंतिणीला सांभाळ. आजारी आहेत त्यांना बरं कर. आमच्यात प्रत्येक मागणीनंतर सगळे मिळून 'आमेन' म्हणतात. म्हणजे मागणारी एकटी मी नाही, आम्हीही हेच मागतो, तसंच होवो. बाया म्हणत होत्या, "हाव देवा, आमेन." मी पाऊस मागितला. "आमेन" फार मोठ्यानं आलं. तिथपर्यंत मला आठवतं.

मला जाग आली तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती. मी सतरंजीवर कुशीला झाले होते, डोक्याखाली कुणाची तरी उशी. खोली रिकामी. समोर नर्सबाई भिंतीला टेकून मला पंख्यानं वारा घालत होत्या. मी धडपडत उठून बसले.

"बाकीचे कुठं गेले?"

"गेले घरी."

"आणि हे?"

"पोरीला आणायला गेले. येतील. पाणी पी आदी." आजवर मला 'तुमी' म्हणणाऱ्या बाईनं 'पी' म्हटलं, हे तांब्या रिकामा झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

"मी... प्रार्थना पुरी झाली का?"

"झाली म्हणायची." त्या पंखा खाली ठेवून बोलायला लागल्या. तोंडावर हसू नाही, राग नाही, दवाखान्यात रोग्याची हकीकत सांगावी तसं. "पावसाचं मागितलंस. मंग म्हणालीस, मुलांनो, काल आपण काय पाहिलं? आमी आमेन म्हणलाव."

"अगं बाई!"

"मंग म्हणालीस, पाण्यानं जमिनीवरची माती वाहून जाते, तिला काय म्हणतात? त्यालाबी आमेन म्हणलाव. डोळे मिटलेले, आमाला वाटलं पाळकीणबाई काहीतर खोल बोलायल्यात."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मंग हापशावर आलीस. एकीनं दोनच हंडे भरा, भांडू नका. त्याला तर बाया लई जोरात म्हणल्या." आता त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. पण लगेच थांबल्या. "आन् मंग म्हणालीस, देवा, मला यातून सोडव. मी कुणालाच पुरत न्हाई. माझं शिकणं पुरं होऊ दे, आन् माझं लेकरू मला वळखू दे."

मला मान वर करवेना.

"ऐकलं सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. आन् सगळे आमेन म्हणलाव. मंग तू घोरायला लागलीस, तवा कळलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता कंट्रोलरसाहेबांना आयतंच कोलीत हातात मिळालं. पाळकीण प्रार्थनेत झोपली, झोपली ती झोपली, वर मंडळीपासून सुटका मागितली! एवढ्यात हे मुलीला घेऊन आले. आम्ही घरी निघालो. वाटेत मी यांच्यावर जी आग पाखडली! "तुम्ही दाराशी बसला होता ना? कळलं नाही तुम्हाला? एक हात लावून उठवता आलं नाही? आता घ्या बदली. बांधा गाठोडी."

हे मुलीचा हात धरून चालत राहिले.

रविवार उजाडला. मला चर्चला जाऊच नये असं वाटत होतं, पण आवारातच घर असल्यावर जाणार कुठं? मी मागच्या रांगेत भिंतीकडेला बसले. उपासना झाली. हे पांढऱ्या झग्यात समोर उभे राहून आठवड्याच्या सूचना सांगत होते, एवढ्यात कंट्रोलर उभे राहिले.

"मला एक मांडायचंय. या हप्त्यात प्रार्थनेत काय झालं ते समद्यांला ठाऊक हाय. मंडळीची शोभा झाली. मला पाळकीणबाईंबद्दल वाईट बोलायचं न्हाई, पण असं चालायचं न्हाई. ठरल्याप्रमाणं वर कळवावं."

चर्चमध्ये कुजबुज. मुलीनं माझा हात घट्ट धरला. मी समोर भिंतीवरच्या क्रुसाकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, जे काय व्हायचं ते आत्ता होऊन जाऊ दे, मला आता सहन होत नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून नर्सबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश.

"वर काय कळवायचं? पाळकीणबाईंनी सुटका मागितली, आन् आमी आमेन म्हणलाव. तसंच व्हावं, म्हणलाव. आता त्यांला परीक्षा होस्तोर घरोघर बोलवायचं न्हाई. प्रार्थना मंडळातल्या बाया चालवतील. मी हाय. झालं."

कंट्रोलर म्हणाले, "अवो नर्सबाई, झोपेत बोललेलं कुणी धरतंय का?"

नर्सबाई त्यांच्याकडं वळल्या. "त्या झोपेत व्हत्या, साहेब. आपण तर जागं व्हताव न्हवं?"

नर्सबाईंनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवली.

"मी पन्नास वर्सं आमेन म्हणायले," त्या म्हणाल्या. "एकदा म्हणलेलं आमेन मी अजून परत घेतलं न्हाई. मला जमत न्हाई. ज्यांला जमत असंल त्यांनी उभं ऱ्हावं, म्हंजी कळंल."

कंट्रोलर उभेच होते. ते ध्यानात आलं तशा बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ते घाईनं खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "मी सवयीनं म्हणलं हो आमेन."

"बरं केलं सांगितलं," नर्सबाई म्हणाल्या. "आता तुमच्या घरी प्रार्थना असली की आमीबी सवयीनं म्हणू."

आता पुरुषही हसले. पण कंट्रोलर काही साधी असामी नव्हती. लाल झालेल्या तोंडानं ते यांच्याकडं वळले. "मंग पाळकसाहेबांनीच सांगावं. मंडळी त्यांची, बायकोबी त्यांचीच. ते जे म्हणतील ते मला मान्य."

सगळं चर्च यांच्याकडं बघायला लागलं. मला ठाऊक होतं हे काय म्हणणार ते. बघू म्हणणार. पंचांशी बोलून ठरवू म्हणणार. मी डोळे खाली घातले, कारण ते 'बघू' मला यांच्या तोंडाकडं बघून ऐकायचं नव्हतं.

"पहिलं आमेन माझं होतं," हे म्हणाले.

मी वर बघितलं.

"ती झोपलीय, हे मला तिनं पाठ सुरू केला तेव्हाच कळलं होतं. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. मी उघडून बघितलं. उठवणार होतो, हात पुढं केला होता. पण म्हटलं, हे सगळं ती मला वर्षभर सांगतेय आणि मी ऐकत नाहीय. आज पुरतं बोलू दे तिला." यांचा आवाज जरा घोगरा झाला. "तिनं सुटका मागितली तेव्हा तुमच्या सगळ्यांच्या आधी मी आमेन म्हणालो. विचार करून म्हणालो. ती परीक्षा देईल. त्यासाठी बदली मागायची असेल तर मागा, मग ती इथं राहून परीक्षा देईल आणि मी एकटा जाईन."

इतक्या शब्दांची वाक्यं या माणसानं माझ्यासाठी कधी बोलली नव्हती, ना घरात, ना बाहेर. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही. कुणी बघतंय तर बघू दे. कंट्रोलर मान खाली घालून गीताचं पुस्तक चाळत होते. नर्सबाई कधीच्या खाली बसल्या होत्या.

हे म्हणाले, "चला, आपण प्रार्थना करू."

सगळे गुडघ्यांवर आले. साड्यांची सळसळ झाली, कुणाचं तरी बाळ कुरकुरलं आणि शांत झालं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला यांच्याकडं बघायचं होतं. आणि हेही समोर गुडघे टेकून, प्रार्थना सुरू न करता, माझ्याकडंच बघत होते. सगळ्या चर्चमध्ये डोळे उघडे होते ते आम्हा दोघांचेच.